देवदयेनं काही कमी नाही

तांबरम,
२ जून २०२५

ती. सरोजिनी मावशी,

माझ्या अक्षराला हसायचं नाही, या अटीवर नमस्कार. अट मोडलीत तर पुढचं पत्र तमिळमध्ये लिहीन. मग साताराभर फिरा, ते वाचून दाखवणारं माणूस शोधत.

बातमी आधी सांगते, नाहीतर माझ्याच्यानं बाकीचं लिहवणार नाही. मला ऑडिओलॉजीला प्रवेश मिळाला! चार वर्षांचा कोर्स आहे. कान तपासायचे, कमी ऐकू येतं त्यांना मशीन बसवून द्यायचं, उशिरा बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं. तुम्ही इथे तांबरमला आमच्या शेजारी होतात तेव्हा दर रविवारी ते कानातलं मशीन डब्यातून काढायचात, "बघू जगाचं कसं चाललंय" म्हणून घालायचात आणि थोड्या वेळानं "काही खरं नाही" म्हणून परत डब्यात ठेवायचात. तेव्हापासून हे माझ्या डोक्यात आहे. मशीन वाईट नव्हतं मावशी, ते तुमच्या कानाला कुणी नीट जुळवूनच दिलं नव्हतं. जुळवलं असतं तर आज आपण फोनवर बोललो असतो आणि तुम्ही लिहायला शिकवलेलं हे मराठी मी केव्हाच विसरले असते.

आता दुसरी बाजू. कॉलेज खाजगी आहे, तांबरमच्या थोडं पुढे. फीचा आकडा ऐकून अम्मा होती तिथेच खाली बसली. सवलती दोन प्रकारच्या आहेत. एक मार्कांवर मिळते, ती पंच्याण्णव टक्क्यांच्या वर. माझे एक्क्याण्णव. वरचे मार्क ज्यांना पडलेत त्यांचे क्लासच आमच्या घरभाड्यापेक्षा महाग होते. सरकारची एक सवलत असते, घरातल्या पहिल्या पदवीधराला. पण अप्पा बी.कॉम. आहेत, त्यामुळे तीही गेली. अप्पांच्या पदवीचा आमच्या घरावर झालेला हा सगळ्यात मोठा परिणाम.

उरली गरजेवर मिळणारी. तिचा अर्ज भरलाय. कॉलेजचं माणूस घरी येऊन बघून जाणार आणि मग समिती ठरवणार.

तुमच्यापासून एक गोष्ट लपवली होती. अप्पांची गुम्मिडिपूंडीची फॅक्टरी दिवाळीत बंद पडली. आता ते सेलैयूरला एका हार्डवेअरच्या दुकानात हिशेब लिहितात. मी सांगितलं हे त्यांना कळू देऊ नका. आमच्या घरी असल्या गोष्टी बोलायच्या नसतात.

तुमची,
श्रीरंजनी


सातारा,
९ जून २०२५

चि. श्रीरंजनी,

हसले नाही. दोन वेलांट्या चुकल्यात, तेवढ्या सोडून दिल्या. आजवर मी तुझे कान उपटले, आता तू माझे तपासणार म्हणजे फिटंफाट होणार! पत्र वाचलं आणि शेजारच्या राजसबाईंना हाक मारून साखर दिली. "कसली?" म्हणाल्या. "माझी पोरगी डॉक्टर होणार," म्हटलं. डॉक्टर नाही हे मला कळतं. पण ऑडिओलॉजी म्हटलं असतं तर त्यांनी साखर परत केली असती.

अप्पांच्या नोकरीचं कळलं. वाईट वाटलं आणि रागही आला, की आठ महिने मला कुणी कळवलं नाही. चंद्रमौळीरावांचा स्वभाव मला ठाऊक आहे. भिंत पडली तरी "जरा हवा येतेय" म्हणतील. मी काही ऐकलं नाही आणि मला काही माहीत नाही. बहिरेपणाचा एवढा तरी उपयोग व्हावा.

आता त्या सवलतींचं. मार्कांवर द्यायची म्हणजे भरल्या ताटात आणखी वाढायचं. तुमच्या कॉलेजचीच रीत नव्हे ती, जगाची आहे. पण दुसरी मिळेल तुला. तुला नाही मिळणार तर कुणाला?

घरी माणूस येणार आहे ना, मग माझं ऐक. मी रेल्वेत असताना क्वार्टरची तपासणी व्हायची. साहेबाची पहिली नजर कोपऱ्यांवर. घर टापटीप दिसलं की माणसं बरी, असं धरून पुढचं सगळं सोपं व्हायचं. तुझ्या अम्माला, गोदाला सांग, पडदे धुवून इस्त्री करून लाव. तो भिंतीवरचा पावसाचा डाग एखाद्या कॅलेंडरखाली जाऊ दे. तू चांगला ड्रेस घाल. आलेल्या माणसाला कोरडं पाठवू नका. ही मुलगी शिकून नाव काढेल, असं त्यांना उंबऱ्यातच वाटलं पाहिजे.

काय झालं ते सविस्तर कळव.

मावशी


तांबरम,
२१ जून २०२५

ती. मावशी,

सविस्तर कळव म्हणालात, आता भोगा.

तुमचं पत्र मी अम्माला वाचून दाखवलं आणि आमच्या घरात लग्नघर सुरू झालं. पडदे धुतले. डागावर कॅलेंडर लावलं, तर डाग खालून बाहेर आला, म्हणून दोन लावली. मग अम्माला वाटलं, येणाऱ्या बाईंना बसवायचं कुठे? आपल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर? वरच्या मजल्यावरचे विश्वेश अण्णा वेलचेरीला आयटीत आहेत, त्यांनी नवीन सोफा घेतलाय. तो एका दिवसासाठी मागितला. त्यांनी आनंदानं दिला आणि चौघांनी मिळून खाली आणला. खाली आला तो आला, आता जिन्याच्या वळणातून परत वर जाईना. तो अजून आमच्याकडेच आहे आणि विश्वेश अण्णा संध्याकाळी बातम्या बघायला खाली येतात.

चांदीचे टंब्लर पेरियम्माकडून, मोठ्या काकूकडून आणले, मैलापूरहून. अम्मानं पहाटे उठून पोळ्या केल्या, पुरणाच्या, वरून तुपाची धार. घराला असा वास सुटला होता की समोरच्या घरातून विचारलं, "मुलगी पाहायला येतात काय?"

बाई आल्या. तमिळसेल्वी मॅडम. साध्या, चष्मेवाल्या, हातात फाइल. दारात थांबून त्यांनी पत्ता पुन्हा एकदा पाहिला. सोफ्यावर बसल्या. अम्मा मला आतून आमच्या तंजावरी मराठीत, "अगो, आणखी एक पोळी वाढ त्यांस, लाजतात वाटतें." त्या लाजत नव्हत्या, मावशी, त्यांचं पोट भरलं होतं. तिसरी पोळी त्यांनी पाण्याबरोबर खाल्ली.

अप्पा तर असे बोलले की मी बघतच राहिले. तो पांढरा शर्ट, कपाळाला गंध. मॅडमनी विचारलं, काय करता? अप्पा म्हणाले, अकाउंट्स बघतो. घर स्वतःचं? "आपलंच समजा," म्हणाले. घरमालक ऐकत नव्हता म्हणून बरं. मग मॅडमनी फाइल मिटली आणि अगदी हळू विचारलं, "घरात काही अडचण आहे का, सर? मोकळेपणानं सांगा." अप्पांनी दोन्ही हात जोडले आणि तमिळमध्ये म्हणाले, "देवदयेनं काही कमी नाही. आपण आलात, हेच मोठं."

किती शोभून दिसलं ते! अम्माकडचे आजोबा पाहुण्यांना असंच म्हणायचे, अम्मा सांगते. जाताना अम्मानं हळदकुंकू, विडा आणि ब्लाउजपीस दिलं. ब्लाउजपीस त्यांनी घेतलं नाही, विडा घेतला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि जरा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, मी त्यांना आवडले.

निकाल जूनअखेर. देवाला सांगून ठेवा, तुमचं तो ऐकतो.

श्रीरंजनी


सातारा,
२७ जून २०२५

श्रीरंजनी,

पत्र मिळालं आणि पहिल्यांदा पोट धरून हसले. राजसबाईंना सोफ्याचं वाचून दाखवलं, त्याही हसल्या. मग "काही कमी नाही" पाशी आले आणि हसू तिथेच विरलं.

अगं, आपण काय करून बसलो! मी काय सांगून बसले! ती बाई क्वार्टर तपासायला आली नव्हती गं. घरात काय आहे ते तिला बघायचंच नव्हतं, काय नाही ते बघायचं होतं. आणि आपण नसलेलं सगळं गावभरातून गोळा करून तिच्यापुढे मांडलं, चांदीसकट. मी पडले रेल्वेची, मला सगळीकडे साहेबाची तपासणीच दिसते.

या पत्राची वाट न बघता तुला हे सुचलं असेल तर बरंच. नसेल तर उद्या सकाळी कॉलेजात जा, त्या मॅडमना भेट आणि खरं काय ते सांग. सोफ्याचं आधी सांग.

मावशी


तांबरम,
४ जुलै २०२५

ती. मावशी,

तुमचं पत्र पोचायच्या आदल्या दिवशी निकाल आला. "कुटुंबाची परिस्थिती समाधानकारक आहे, मदतीची गरज दिसून येत नाही." एवढंच. मी ते अम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "समाधानकारक म्हणजे बरेंच ना?"

मी मॅडमना भेटले. तुम्ही सांगितल्याप्रमाणे सोफ्याचं आधी सांगितलं. त्या हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. म्हणाल्या, "निधीत चाळीस मुलांपुरते पैसे आहेत आणि अर्ज तीनशेच्या वर. तुला दिलं की यादीतलं कुणीतरी एक खाली जातं. मला दिसतं तेच मी लिहू शकते, आणि मला चांदी दिसली." आणि म्हणाल्या, फेरविचाराचा अर्ज करता येतो, जुलैअखेरपर्यंत. मुलीच्या सांगण्यावर मात्र चालत नाही. वडिलांनी स्वतः येऊन सांगायला पाहिजे.

मी उड्या मारत घरी आले. अप्पा जेवत होते. मी सांगितलं. ते ताटावरून मान वर न करता म्हणाले, "पोदुम, पुरे. मी कोणापुढें हात पसरलों नाही, आतांही पसरणार नाही."

"हात पसरायचा नाही, अप्पा. खरं सांगायचंय फक्त."

"घरीं बसून बी.कॉम. करतां येतें, कण्णा, पोरी. मी नाही काय केलें?"

मग मी बोलू नये ते बोलले. म्हटलं, "तुमचा मान एवढा महाग आहे, तर माझी फी त्यातून भरा." अप्पा ताटावरून उठले. आमच्या घरात ताटावरून कुणी उठलेलं मी कधी बघितलं नव्हतं. अम्मा रडत होती आणि विश्वेश अण्णा बातम्या बघायला आले होते, ते दारातूनच परत गेले.

तेव्हापासून अप्पा आणि मी बोलत नाही. मावशी, मला त्यांचा राग येतो आणि रागावले म्हणून स्वतःचाही येतो. मी ठरवलंय. वेलचेरीला एका कंपनीत फोनवर बोलायची नोकरी आहे, विश्वेश अण्णांनी चौकशी केली. ऑगस्टपासून जाईन. तुमचे कान दुसरं कुणीतरी बघेल. वाईट वाटून घेऊ नका, मी घेतलंय तेवढं पुरे.

श्रीरंजनी


सातारा,
१० जुलै २०२५

श्री. चंद्रमौळीराव यांस,

सरोजिनीचा नमस्कार. मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही, कारण मधल्या भिंतीवरून हाक मारली की काम व्हायचं. आता भिंत लांब गेली.

पोरीनं मला सगळं कळवलं आहे. तिला रागावू नका, मी खोदून विचारते. घर सजवण्याची अक्कल माझी, तेव्हा पहिला दोष माझा. आता जरा कडक बोलते, शेजारधर्मानं सोसा.

पैसे मी देऊ केले असते. तुम्ही घेणार नाही हे माहीत आहे, म्हणून तो विषय काढून तुमचा अपमान करत नाही. पण कॉलेजची मदत म्हणजे कुणाच्या दारची भीक नव्हे. ज्यांना पुरी फी झेपते त्यांच्या फीतला काही भाग, आणि देणगीदारांचं काही, असं मिळून ते बाजूला ठेवतात, आणि ठेवतात ते तुमच्या मुलीसारख्यांसाठीच. न मागता ते कुणाला मिळत नाही आणि तुम्ही नाही घेतलंत तर कॉलेज काही त्याचा सत्यनारायण घालत नाही.

माझ्या लेकाचं, आशिषचंच सांगते. अमेरिकेत दारात दोन गाड्या. त्याचा मुलगा गंधार तिथल्या कॉलेजात गेला, तर आशिषनं आपली मिळकत, कर्ज, सगळं उघडं करून अर्ज भरला. मिळाली ती मदत कमी वाटली म्हणून वर पत्र लिहून आणखी मागितली आणि मिळवली! सोबतच्या फोटोत बघा, मान ताठच आहे. दोन गाड्यांच्या माणसाची जीभ "कमी पडतं" म्हणायला अडत नाही आणि तुमची अडते?

पोर नोकरी धरायला निघाली आहे. एकदा पगाराची चटक लागली की पुन्हा शाळा-कॉलेज होत नाही, हे मी ऑफिसात ढिगानं पाहिलं. तुम्ही नाही का म्हणता, तेवढं मला सांगा. नुसत्या मानासाठी असेल तर पुढचं पत्र याहून कडक येईल.

सरोजिनी


तांबरम,
१६ जुलै २०२५

तीर्थरूप सरोजिनीताई यांचे चरणीं चंद्रमौळीचा नमस्कार.

आपलें पत्र पावलें. आम्हां तंजावरकडल्यांचें मराठी आपणांस जुनें वाटेल, मजला दुसरें येत नाही. आपण मोठ्या, आपला राग मजला आशीर्वादासारखा.

विचारलेंत म्हणून सांगतों. गोदेसही मी हें सांगितलें नाही.

वडील गेल्यावर मजला कुंभकोणमास एका धर्मशाळेच्या वसतिगृहांत ठेविलें. तेथें पैसे भरणारीं मुलें आधीं जेवीत. मग घंटा होई आणि आम्हीं फुकटचीं मुलें दुसऱ्या रांगेंत बसत असूं. अन्न तेंच, वाढणारा तोच, पोटभर वाढी, खोटें कां सांगूं. परंतु रांग वेगळी. वर्षांतून एकदां देणगी देणारे शेटजी येत. आमचीं नांवें मोठ्यानें वाचीत, एकेकानें वर जाऊन शर्टाचें कापड घ्यावें, पायां पडावें. साऱ्यांस एकच निळें कापड. तो शर्ट घालून बाजारांत गेलें कीं सारें गांव ओळखी, हा दुसऱ्या रांगेचा. मी हुशार होतों, पहिला येत असें. मास्तर म्हणत, "पाहा, फुकटचा असून पहिला आला." ताई, तो मास्तर मजवर माया करी. मायेनेंच म्हणे.

मी शिकलों त्या अन्नावर, त्यांचे उपकार आहेत. परंतु तेव्हांच मनाशीं म्हटलें, माझें मूल त्या रांगेंत बसणार नाही. बी.कॉम. घरीं बसून केलें तें पुन्हां त्या रांगेंत बसणें नको म्हणून. रंजनीस वाटतें, बापास मान मोठा. मान कसला, ताई? मजला भीति वाटते. वर्गांत तिजकडे बोट दाखवून कोणी म्हणेल, ही फुकटची. ती पहिली येईल, आणि तरीही म्हणतील.

ती मजशीं बोलत नाही. सकाळीं डबा भरून देते, तो मात्र देते.

हें तिजला कळवूं नये, इतकी विनंती.

आपला,
चंद्रमौळी


सातारा,
२१ जुलै २०२५

चंद्रमौळीराव,

तुमचं पत्र वाचून मला फार वाईट वाटलं, आणि माझ्या मागच्या पत्राची लाजही वाटली. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आणि मी तुम्हाला मानी समजत होते. पोरीला सांगणार नाही.

पण आता माझं एक ऐका. त्या कॉलेजात रांग आहे की नाही, हे मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही. कुंभकोणमची घंटा तांबरमला ऐकून तुम्ही पोरीचं शिक्षण बंद करताय. मागायला जाऊ नका. विचारायला जा. नावं वाचतात का? वेगळं बसवतात का? बापानं एवढं विचारणं यात हात पसरणं कुठे आलं? उत्तर पटलं नाही तर सरळ उठून या. मी तुमच्या बाजूनं उभी राहीन आणि पोरीची समजूत मी काढीन.

महिनाअखेर जवळ आली. पत्र मिळताच जा.

सरोजिनी


तांबरम,
२९ जुलै २०२५

ती. सरोजिनीताई यांस नमस्कार.

काल गेलों. रंजनीस नुसतें "चल" म्हटलें. ती चप्पल घालून निघाली, वाटेंत कांहीं बोलली नाही. तिजला बाहेर बाकावर बसवून मी एकटा आंत गेलों.

मॅडमनीं ओळखलें. खुर्ची दिली. त्यांस वाटलें, मी अर्ज घेऊन आलों. मी म्हटलें, आधीं माझा प्रश्न आहे. ज्यांस तुम्ही मदत देतां त्यांचीं नांवें फळ्यावर लागतात काय? वर्गांत वाचतात काय? त्यांस वेगळें बसवितात काय?

त्या म्हणाल्या, नाही सर. पावतीही साऱ्यांस एकसारखी मिळते. मास्तरांसही माहीत नसतें. मजला बरें वाटूं लागलें. तोंच त्या म्हणाल्या, फक्त जानेवारींत एक समारंभ असतो. देणगीदार येतात, मुलें स्टेजवर येऊन चेक घेतात, फोटो होतो.

ताई, मी उठलों. "सेरी, ठीक आहे, मॅडम. आम्हांस नको," म्हटलें आणि दारापर्यंत आलों.

त्यांनीं हांक मारिली. म्हणाल्या, सर, त्या समारंभास अर्धीं मुलें येतच नाहीत. आजारी आहे म्हणतात, गांवीं गेलों म्हणतात. आम्हीं समितींत बसून म्हणतों, पाहा कशीं कृतघ्न. तीं कां येत नाहीत, हें आजवर आम्हीं कोणास विचारलें नाही. तुम्हीं सांगा.

मग मी सांगितलें. निळें कापड, सारें. आपणांस लिहिलें होतें म्हणून तोंडीं सांगतां आलें, नाहीतर जमतें ना. त्यांनीं पेन खालीं ठेविलें. मग म्हणाल्या, तुमच्या मुलीस स्टेजवर बोलावणार नाही, हें मी आतांच लिहून देतें.

मी म्हटलें, तिजला एकटीलाच? आणि बाकीचीं?

त्या हंसल्या. म्हणाल्या, मदत मागायला आलेला माणूस अटी घालतो, हें प्रथमच पाहतें. समितीपुढें ठेवीन, वचन नाही देऊं शकत. मग फाइल उघडून म्हणाल्या, आतां मी विचारतें त्याचें उत्तर द्या. त्या दिवशीं विचारलें तेंच. घरांत कांहीं कमी आहे काय?

ताई, काय सांगूं. जन्मभर पाहुण्यांस जें म्हटलें तेंच ओठांवर आलें. तें गिळलें. मग म्हटलें, "कमी आहे, मॅडम. बरेंच कमी आहे. नोकरी गेली. घर भाड्याचें. सोफा वरच्या घरचा. चांदी वहिनीची." त्या लिहीत होत्या. माझ्या मनास आणखी एक वाटलें, तेंही सांगून टाकलें. "पोळ्या मात्र आमच्या होत्या."

"त्या ठाऊक आहेत," म्हणाल्या, आणि तेंही लिहिलें कीं काय कोण जाणे.

बाहेर आलों. रंजनीनें माझें तोंड पाहिलें आणि माझ्या हातांतली पिशवी घेतली. गाडींत म्हणाली, "अप्पा, बसा, जागा आहे." इतके दिवसांनी बोलली.

चंद्रमौळी


तांबरम,
१३ ऑगस्ट २०२५

ती. मावशी,

मिळाली! मावशी, मिळाली! अर्धी फी माफ, उरलेली हप्त्यांनी. अम्माची पोस्टातली ठेव आणि अप्पांचा दुकानातला पगार मिळून हप्ते जमतील. थोडी ओढाताण होईल, पण होईल. दरवर्षी मार्क दाखवावे लागतील आणि घर पुन्हा बघायला येतील. वेलचेरीच्या नोकरीला नाही म्हणून कळवलं. विश्वेश अण्णाच जास्त खूश झाले, म्हणाले, तू फोनवर लोकांवर ओरडली असतीस.

मॅडमनी बोलावून पत्र दिलं आणि म्हणाल्या, "यंदा जानेवारीत स्टेजवर कुणाला बोलवायचं नाही, असं ठरलंय. देणगीदारांना चहाला बोलावू, ज्याला यायचं त्यानं यावं. वडिलांना सांग." मी अप्पांना सांगितलं. ते "बरें" म्हणाले आणि दुकानाचा हिशेब लिहीत बसले. स्टेजचा आणि अप्पांचा काय संबंध, मला कुणी सांगत नाही. तुम्हाला माहीत असणार. तुम्ही दोघं पत्रं लिहिता, पोस्टमननंच मला सांगितलं.

काल पहिला दिवस. वर्गात तीस मुलं, त्यात मुलगे फक्त चार. पहिल्या तासाला सरांनी सगळ्यांना कानात कापूस घालून गप्प बसवलं आणि स्वतः तासभर बोलत राहिले. मग कापूस काढायला लावला आणि विचारलं, कसं वाटलं? सगळे हसत होते. मला तुमची आठवण येऊन रडू आलं. शेजारच्या मुलीनं रुमाल दिला. तिचं नाव कौमुदी, ती वेलचेरीहून येते. दुपारी तिनं माझा दहीभात खाल्ला आणि मी तिची चपाती.

सुटल्यावर बाहेर आले तर फाटकापाशी अप्पा उभे. दुकानातून लवकर निघून आले होते. दुपारचं ऊन, तोच पांढरा शर्ट, घामानं पाठीला चिकटलेला. बॅग घेतली माझी. आम्ही स्टेशनकडे चालायला लागलो. मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "कण्णा, वर्गांत पैसे भरणारीं कोण, न भरणारीं कोण, तें कळतें काय?"

मी म्हटलं, "कसं कळणार, अप्पा? कुणी विचारलंच नाही."

"ती रुमाल देणारी?"

"तिचं मला माहीत नाही. माझं तिला माहीत नाही."

अप्पा थांबले. भर रस्त्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या माणसांच्या मधोमध. आणि हसायला लागले. अप्पांना असं हसताना तुम्ही पाहिलंय का? मी नव्हतं पाहिलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "चल, गाडी सुटेल." आम्ही दोघं पळतच निघालो.

तुमची,
श्रीरंजनी